पाणी आधी वावरात अडवा

“पाऊसच पडत नाही, तर अडवायचं काय?” पर्जन्यछायेच्या पट्ट्यात हा सवाल हमखास ऐकू येतो. सोलापूर-अहिल्यानगरच्या बऱ्याच तालुक्यांत वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बराचसा मोजक्या जोरदार सरींत कोसळतो. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. एका सरीतले 25 मिलिमीटर उतारावरून निसटले, तर हेक्टरामागे अडीच लाख लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 25 टँकर गेले! पाऊस कमी आहे, म्हणूनच तो अडवायचा.

दुसरा आक्षेप असा, की नाला खोल केला, शेततळे झाले. आता वावरात खटाटोप कशाला? पण नाल्यात उतरलेले पाणी वरच्या कोरडवाहू पिकाच्या मुळांशी परत येत नाही. शिवाय ते एकटे जात नाही. उताराच्या दिशेने पेरलेल्या रानात मोठ्या सरीनंतर जाऊन पाहा. तासातासात बारीक घळी पडलेल्या, वरच्या अंगाला खडे उघडे पडलेले, शेणखत वाहून खालच्या कोपऱ्यात साचलेले. हीच माती पुढे बंधारा गाळाने भरते.

तिसरा आक्षेप, बांध फुटतात. काळ्या भारी जमिनीत हे खरे आहे. तिथे समपातळी बांधामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि भेगाळलेला बांध फुटतो. म्हणून बांधच नको, असे मात्र ठरत नाही. हलक्या-मध्यम जमिनीत समपातळी बांध घाला; भारी जमिनीत किंचित ढाळ देऊन जादा पाणी गवताळ चरातून बाहेर काढा.

आणि बांधाआधीचे काम तर मशागतीतच होते. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी, ठरावीक अंतरावर मृत सरी काढावी, रब्बीच्या रानात पावसाळ्यात सारे पाडून पाणी जिरवावे, कोळपणी चुकवू नये. कोरडवाहू रब्बी ज्वारी मुख्यतः साठलेल्या ओलीवरच पोसते. पट्टा अरुंद असल्याने ट्रॅक्टरला आडवे वळता येत नसेल, तर शेजाऱ्यांनी मिळून पेरावे.

ग्रामसभांनी आराखडा माथ्यापासून पायथ्याकडे करावा. निधीचा पहिला रुपया उतारावरच्या वावरावर पडावा आणि नाल्याची पाळी त्यानंतर यावी.