१९१३चा संप मजुरांचाच

दक्षिण आफ्रिकेतला १९१३चा संप गांधीजींनी घडवला आणि नाताळ प्रांतातले करारबद्ध हिंदी मजूर त्यांच्या शब्दाखातर उठले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. हाक गांधीजींचीच होती, हे कोण नाकारेल? न्यूकॅसलच्या कोळसाखाणींत ती पोहोचवणाऱ्या तमीळ स्त्रियांनी त्यापायी तुरुंगही भोगला. पण मजूर अडाणी होते, नेले तिकडे गेले, हा त्यामागचा समज साफ खोटा आहे.

हिशेबच पाहा. करार पाच वर्षांचा, पहिल्या वर्षाचा पगार साधारण महिना १० शिलिंग. मुदत संपल्यावर मायदेशी परतायचे नाही आणि पुन्हा करारही करायचा नाही, तर १८९५च्या कायद्याने वर्षाला ३ पौंड कर. म्हणजे ६० शिलिंग, सहा महिन्यांची कमाई! बायकोचा वेगळा, जाणत्या मुलामुलींचाही वेगळा. रुळांखाली खडी ठोकणाऱ्या गँगमनला संपाच्या मुळाशी असलेला हा जाच कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपल्या कामाचे मोलही त्यांना कळत होते. १८९० साली रेल्वे न्यूकॅसलला पोहोचली आणि तिथला कोळसा दरबन बंदराकडे जाऊ लागला. रूळ राखायला हिंदी मजूर, खाणीत राबायलाही हिंदी मजूर. त्यांनी हात आखडला की इंजिनांचा कोळसाच अडायचा.

६ नोव्हेंबरला संपावरची दोन हजारांवर माणसे बायकापोरांसह कायदा मोडून ट्रान्सवालच्या हद्दीत शिरली. रोजचा शिधा माणशी दीड पौंड पाव आणि चिमूटभर साखर. चारच दिवसांत त्यांना पकडून आगगाड्यांतून नाताळला परत नेले. खाणींची आवारेच तुरुंग म्हणून जाहीर झाली, खाणीतले गोरे नोकर वॉर्डर झाले. खाणीत उतरायला नकार देणाऱ्यांनी फटके खाल्ले.

११ नोव्हेंबरला डंडीच्या कोर्टाने गांधीजींना शिक्षा ठोठावली. मजूर केवळ त्यांच्यामागून चालले असते, तर संप तिथेच विरायला हवा होता. उलट तो किनाऱ्यावरच्या ऊसमळ्यांत आणि दरबन शहरात पसरला. मळ्यांतल्या मजुरांना तर गांधीजींनी संपाला बोलावलेलेही नव्हते.

१९१० साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हिंदुस्थानच्या कायदेमंडळात ही मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला, पुढच्या वर्षी नाताळसाठीची भरती थांबली. १९१२ साली ते स्वतः तिथे जाऊन आले. मराठी पुस्तकांत त्यांचा आणि गांधीजींचा मान आहे, तो राहावाच. पण १९१४ साली ३ पौंडांचा कर रद्द झाला, तो या मजुरांनी पगार, शिधा आणि पाठीची कातडी पणाला लावली म्हणून. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी हे वाक्य आता धड्यात घालावे.