सोतोझाकी कोण?

सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' भारतात लागला तेव्हा मुंबईतल्या मल्टिप्लेक्सनी पहाटेचे शो लावले होते. पहाटेचे! जी मंडळी सकाळच्या पहिल्या लेक्चरला वर्षभर दिसत नाहीत, ती तांजिरोचा हिरव्या-काळ्या चौकटींचा अंगरखा चढवून उजाडायच्या आत थिएटरवर हजर. सिनेमा कोणाचा, असं यातल्या कुणालाही विचारा. 'युफोटेबल'चा, असं उत्तर येतं. म्हणजे स्टुडिओचं नाव. ज्यांनी मांगा वाचलाय ते गोतोगेंचं नाव घेतात. पण दिग्दर्शक कोण? घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या डझनभर फॅन्सना मी हे विचारलं. हारुओ सोतोझाकी हे नाव एकाने सांगितलं, तेही फोनमध्ये बघून.

गंमत अशी, की याच पोरांना माकोतो शिंकाई नीट माहीत आहे. 2019 मध्ये 'वेदरिंग विथ यू' भारतात लागावा म्हणून इथल्या फॅन्सनी ऑनलाइन याचिका केली, हजारोंनी सह्या केल्या आणि सिनेमा खरंच लागला. ते सगळं एका दिग्दर्शकाच्या नावावर झालं होतं. म्हणजे दिग्दर्शक ओळखता येत नाही असं नाही. फ्रँचायझीचा सिनेमा असला की तो ओळखायची गरज वाटत नाही, कारण आपल्याला तो तिथे नकोच असतो. पानावर आहे तसंच पडद्यावर दिसलं पाहिजे, फक्त जास्त भारी.

यात वाईट काय? काहीच नाही, 'इन्फिनिटी कॅसल' मलाही आवडला. पण पूर्वी असं नव्हतं. जाम अडचणीचे, फॅन्सना चिडवणारे, मूळ लेखकालाही न पटणारे सिनेमे याच फ्रँचायझींच्या पोटातून निघालेत. आणि ज्यांना आज आपण 'मास्टर' म्हणतो त्यातले बरेच जण तिथेच हात साफ करून पुढे गेले.

सगळ्यात मोठी ठिणगी उडाली ती 2005 मध्ये. 'वन पीस' तेव्हा टीव्हीवर सहाव्या वर्षात होतं. तोएई स्टुडिओ दरवर्षी वसंतात त्याचा एक सिनेमा काढायचा. मुलांना सुट्टी, आईबाबा सोबत, लुफी आणि टोळी एका नव्या बेटावर जाणार, व्हिलनला बदडणार, खाणार, हसणार, संपलं. सहाव्या सिनेमासाठी दिग्दर्शक आला मामोरू होसोदा.

होसोदा त्याआधी कुठे होता, हे इथे महत्त्वाचं आहे. तोएईतच 'डिजिमॉन'चा 40 मिनिटांचा एक छोटा सिनेमा करून त्याने नाव कमावलं होतं. मग जिब्लीने त्याला 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' करायला बोलावलं. म्हणजे क्लबातल्या पोराला थेट वानखेडेवर उतरवावं, तसं. पण ते जमलं नाही. मियाझाकी करतील तसा कर, असं आपल्याला सांगितलं जात होतं आणि आपल्याला आपल्या पद्धतीने करायचा होता, हे होसोदाने नंतर मुलाखतीत सांगितलंय. 2002 मध्ये तो बाहेर पडला, जमवलेली माणसं पांगली आणि सिनेमा शेवटी मियाझाकींनीच केला.

हा माणूस परत येऊन 'वन पीस' करतो. सिनेमाचं नाव 'बॅरन ओमात्सुरी अँड द सीक्रेट आयलंड'. सुरुवात एकदम मस्तीत होते. रिसॉर्टसारखं बेट, सोनेरी मासे पकडायची स्पर्धा, रिंग टाकायचा खेळ. जत्राच म्हणा. मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागतं. नामी आणि उसोप भांडतात, झोरो आणि सांजी भांडतात, आणि ही भांडणं नेहमीची विनोदी नाहीत, खरोखर लागणारी आहेत. एकेक जण गायब होतो. बॅरन हा एकेकाळी लुफीसारखाच कप्तान होता, हे कळतं. त्याची सगळी टोळी समुद्रात मेली, तो एकटा वाचला, आणि आता एका भयानक फुलाला माणसं खाऊ घालून तो मेलेल्या मित्रांना 'जिवंत' ठेवतोय. एकत्र हसणारी टोळी त्याला बघवत नाही. शेवटाकडे लुफी एकटा, अंगात बाण, समोर सोबती संपत चाललेत. सात-आठ वर्षांची पोरं पॉपकॉर्न घेऊन हे बघायला बसली होती!

दिसायलाही तो 'वन पीस' वाटत नाही. पात्रांच्या अंगावर छाया नाहीत, रंग सपाट, रेषा अगदी कमी. होसोदाची ही सहीच आहे. नेहमीच्या प्रेक्षकाला मात्र ते अर्धवट काम वाटू शकतं. आजही 'वन पीस'च्या फॅन्समध्ये यावरून दोन तट आहेत. एकाला हा मालिकेतला सर्वोत्तम सिनेमा वाटतो, दुसऱ्याला 'हा वन पीसच नाही' असं वाटतं. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत.

कारण भांडण फक्त स्टाइलचं नसतंच. नियमाचं असतं. आठवड्याला चालणाऱ्या मालिकेच्या सिनेमाला एक न लिहिलेली अट असते. सुरुवातीला पात्रं जिथे होती तिथेच शेवटी परत ठेवायची, कारण रविवारी टीव्हीवर पुढचा एपिसोड आहे. कुणी मरायचं नाही, कुणी फार शहाणं व्हायचं नाही. खोली भाड्याने घेतल्यासारखं. राहा, पण भिंतीला खिळा ठोकू नका. पैसा टाकणारेही अनेक असतात. टीव्ही चॅनेल, प्रकाशक, खेळणी विकणारे. कुणालाच खिळा नको असतो. आणि दिग्दर्शकाला तर नेमकी खिळे ठोकायचीच खोड. त्याच्यासाठी गोष्ट म्हणजे माणूस बदलणं. होसोदाने लुफीला मारलं नाही, शेवटी टोळी परत मिळते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अट पाळली. पण टोळी गेली तर लुफी कोण उरतो, हा प्रश्न एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही. तो प्रश्न आपल्या जिब्लीतल्या अनुभवातून आला, असं त्याने स्वतःच सांगितलंय.

त्याच्याआधी मामोरू ओशीने तर या अटीचीच गोष्ट केली. 1984 चा 'उरुसेई यात्सुरा 2 : ब्यूटिफुल ड्रीमर' बघा. शाळेच्या फेस्टिव्हलच्या आदला दिवस, तयारी चाललीय, आणि तो दिवस संपतच नाही. रोज तीच धावपळ, तोच गोंधळ. हळूहळू मुलांच्या लक्षात येतं, आपण अडकलोय. मोठी न होणारी पात्रं असलेल्या मालिकेवर याहून तिरका सिनेमा कसा काढणार? मूळ मांगाच्या रुमिको ताकाहाशींना तो रुचला नाही, असं म्हणतात. साहजिक आहे. आपल्या घरात कुणीतरी येऊन 'तुमच्या घरातलं घड्याळ बंद आहे' असं सांगावं, तसं झालं ते. हाच ओशी 1995 मध्ये 'घोस्ट इन द शेल' करतो.

मियाझाकींचा पहिला सिनेमासुद्धा दुसऱ्याच्याच घरातला. 'लुपिन द थर्ड : द कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो', 1979. मंकी पंचच्या मांगातला लुपिन बायकांच्या मागे लागणारा बेरकी चोर. मियाझाकींनी त्याचा दमलेला, दिलदार काका केला. सुरुवातीला सिनेमा फारसा चालला नाही, आणि पुढे कित्येकांसाठी तोच खरा लुपिन झाला.

आपल्याकडे असा प्रयोग झालाय का? मला लगेच आठवतो तो 2017 चा 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे पुस्तकामागून पुस्तक शाळकरीच राहिला. फुरसुंगीचा, किडकिडीत, सायकलवाला. आदित्य सरपोतदारच्या सिनेमात तो अमेय वाघ झाला. वय वाढलं, मेडिकल प्रवेश परीक्षेतला घोटाळा आला, अंधारा थ्रिलर आला. घड्याळ चालू झालं म्हणा ना. 'ट्टॉक' तेवढं राहिलं. आमच्या घरी बाबांना ते खटकलं, मला आवडलं, यावर रात्रीच्या जेवणात रीतसर वाद झाला. भागवत 2001 मध्येच गेले, त्यामुळे 'हा माझा फाफे नाही' म्हणायला लेखक नव्हता. सिनेमाने त्यावर एक छान युक्ती केली. दिलीप प्रभावळकरांना भागवत करून लेखकालाच गोष्टीत बसवलं. म्हणजे परवानगीची सही पडद्यावरच.

जपानमध्ये लेखकाची ही सही आता आधीच घेतात. 2009 च्या 'स्ट्राँग वर्ल्ड'ची गोष्ट एइइचिरो ओदांनी स्वतः लिहिली आणि तेव्हापासून 'वन पीस'च्या मोठ्या सिनेमांवर त्यांची नजर असते. 2022 चा 'फिल्म रेड' करणारा गोरो तानिगुची काही साधासुधा दिग्दर्शक नाही, 'कोड गिआस' त्याचंच. पण 'फिल्म रेड' बघताना आपण ओदांच्या जगात असतो. त्यात पुढची पायरी म्हणजे वेगळी गोष्ट रचायचीच नाही, मांगाचाच पुढचा भाग थिएटरात आणायचा. 2020 मध्ये 'मुगेन ट्रेन'ने ते केलं आणि जपानमधला 'स्पिरिटेड अवे'चा कमाईचा विक्रम मोडला. एकोणीस वर्षं पहिल्या नंबरावर मियाझाकी नावाच्या माणसाचा सिनेमा होता. तिथे आता एका मांगाचा मधला तुकडा आला. 'इन्फिनिटी कॅसल' तीन सिनेमांतला पहिला आहे.

आणि कुणी आजही खिळा ठोकलाच तर? 2022 च्या 'चेनसॉ मॅन'चं उदाहरण ताजं आहे. रयू नाकायामाने फुजिमोतोचा वेडा, रांगडा मांगा शांत, खऱ्या सिनेमासारखा केला. अ‍ॅक्शनच्या आधी डेंजी आणि आकी घरात कॉफी करतायत, दात घासतायत. मला तेच सीन सगळ्यात आवडतात. पण जपानी फॅन्स भडकले, पहिल्या ब्लू-रेच्या दोन हजार प्रतीही पहिल्या आठवड्यात खपल्या नाहीत, सगळं पुन्हा बनवा म्हणून याचिका निघाली. 2025 चा 'रेझे आर्क' दुसऱ्या दिग्दर्शकाने केला, तात्सुया योशिहाराने. तो मांगाच्या जास्त जवळ आहे आणि चाललाही जोरात. सिनेमा चांगलाच आहे. म्हणून तर हा वाद अवघड होतो. फॅन्सनी मागितलं ते मिळालं, आणि ते चांगलं निघालं.

मला खटकतंय ते एवढंच. 2019 मध्ये शिंकाईसाठी केलेली याचिका आणि नाकायामाविरुद्ध झालेली याचिका, दोन्ही फॅन्सच्याच. एक म्हणते, या माणसाचं काम आम्हाला दाखवा. दुसरी म्हणते, या माणसाचा हात आम्हाला दिसता कामा नये. होसोदाला आज 'ओमात्सुरी' करू दिला असता का? नसता, तर एका वर्षात 'द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम' करणारा होसोदा तयार झाला असता का? 'मिराई' ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेला, ती त्याच्यापुढची गोष्ट.

अंधेरीत अ‍ॅनिमेशन शिकणारी माझी एक मैत्रीण सध्या मुलांच्या एका मालिकेवर काम करते. हिरोच्या भुवया किती वर जाऊ शकतात, याचाही तक्ता तिला दिलेला आहे. परवा तिला मी 'ओमात्सुरी' दाखवला. पहिल्या दहा मिनिटांत म्हणाली, "अगं, शेडिंगच नाहीये, असं मी दिलं तर परत पाठवतील." मग बराच वेळ काही बोलली नाही. बाण लागल्यानंतरचा लुफीचा चेहरा तिने तीनदा मागे नेऊन बघितला, भुवया कुठे आहेत ते मोजत.