घड तपासला, हात राहिला

नाशिकच्या द्राक्षांवर हिरिरीने बोलणारे दोन पक्ष आहेत. पहिला मुंबई-पुण्याच्या जेवणाच्या टेबलावरचा. त्याच्या मते द्राक्ष म्हणजे विषाचा घड, मुलांच्या डब्यात देऊच नये. दुसरा निफाड-दिंडोरीच्या पारावरचा. युरोपने माल घेतला म्हणजे सगळं शुद्ध, उगाच बोभाटा करू नका, असं तो सांगतो. दोघेही धोक्याबद्दल बोलतात आणि दोघेही चुकीच्या जागी बघतात.

आधी डबेवाल्या पक्षाचं पाहू. केंद्र सरकार देशभर भाज्या, फळं, धान्य, दूध यांचे नमुने घेऊन कीडनाशकांचे अंश तपासतं. २०१४-१५ मध्ये असे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १८.७ टक्के नमुन्यांत अंश सापडले. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश होते २.६ टक्क्यांत. हा आकडा अभिमानाचा नाही, पण अंश सापडणं आणि तो घातक असणं या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेने काहीही होत नाही, तिचाही साधारण शंभरावा भाग माणसाला रोज चालेल असं धरून हा सगळा हिशेब मांडलेला असतो. पदार्थ किती विषारी आहे याइतकंच तो अंगात किती गेला यावर धोका ठरतो. वाटीभर द्राक्षं धुऊन खाणाऱ्या मुलाच्या पोटात जाणारी मात्रा फार थोडी असते. देशी बाजारातल्या मालाची तपासणी एक्स्पोर्टच्या मानाने फारच विरळ आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. ती तक्रार जरूर करावी, भीती पसरवू नये.

आता पारावरच्या पक्षाकडे येतो, कारण खरा वाद त्याच्याशीच आहे.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेटचे अंश सापडले आणि धावपळ झाली. त्यातून पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली रेसिड्यू तपासणीची योजना उभी राहिली. २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ आली. प्लॉटची नोंदणी, फवारण्यांची वही, काढणीआधी नमुना, आणि अहवाल स्वच्छ आला तरच कंटेनर भरायचा. भारतीय शेतीत इतकी शिस्तीची व्यवस्था क्वचितच दिसते, आणि ती नाशिकच्या शेतकऱ्याने पाळून दाखवली.

तरीही २०१० मध्ये युरोपात कंटेनर अडकले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरलं जाणारं संजीवक, बागेतल्या बोलीत लिहोसीन. शेतकऱ्याने फसवलं नव्हतं, प्रयोगशाळेनेही काही लपवलं नव्हतं. तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं, म्हणून अहवाल स्वच्छ आला होता. तेव्हा ‘हा परदेशी व्यापाऱ्यांचा कावा आहे’ असं बरंच बोललं गेलं. भाव पाडायला कुणी त्याचा फायदा घेतलाही असेल. पण दुरुस्ती झाली ती यादीत ते नाव घालून, कावा कावा ओरडून नाही. जे शोधलं नाही ते सापडत नाही, हे नाशिकने तेव्हा पैसे मोजून शिकून घेतलं. एवढं शिकूनही आपली यादी आजवर फळापाशीच थांबलेली आहे.

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत त्याला डॉरमेक्स म्हणतात आणि त्या कामाला पेस्ट लावणं. हे काम हाताने, स्पंजने किंवा फडक्याने होतं. ते करायला पेठ, सुरगाण्याकडचे आदिवासी मजूर येतात आणि बऱ्याचदा एकरावर उक्तं घेतात. हे औषध कातडी भाजतं. शिवाय शरीरात दारूचं विघटन होण्याची वाट ते अडवतं. त्यामुळे त्या काळात थोडी जरी घेतली, तरी चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, दम लागतो, रक्तदाब घसरतो. युरोपीय संघाने २००८ मध्ये हे रसायन मंजूर यादीत घेतलं नाही, आणि त्यामागचं मुख्य कारण ते लावणाऱ्या माणसाच्या आरोग्याचं होतं. फळात त्याचा अंश उरण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही, कारण ते घड धरण्याच्या कितीतरी आधी लावलेलं असतं. म्हणजे युरोपने आपल्या मजुराच्या हाताला जे नको म्हटलं, त्यावर फुटलेली द्राक्षं युरोपात स्वच्छ अहवालानिशी जातात. तो अहवाल खोटा नाही. तो घडाचा आहे, हाताचा नाही.

यावर पारावरून तीन उत्तरं येतात. पहिलं, ‘मजूरच हातमोजे घालत नाहीत.’ उक्त्या कामात मोज्यांनी हात मंदावतो आणि त्या दिवसाची कमाई घटते. मोजे घालूनही मजुरी बुडणार नाही असा दर ठरवायचं काम मालकाचं आहे. दुसरं, ‘पितात म्हणून त्रास होतो.’ पण संध्याकाळच्या एका घोटाने माणूस दवाखान्यात जातो तो दिवसभर हाताळलेल्या औषधामुळे, आणि हा इशारा देणारं माहितीपत्रक बाटलीसोबत मालकाच्या घरी पोचतं, मजुराच्या वस्तीवर नाही. तिसरं उत्तर सगळ्यात ठाम असतं, ‘आमच्याकडे यवतमाळ झालेलं नाही.’ २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. प्रेतं मोजावी लागली तेव्हाच तिथे मोजणी सुरू झाली. नाशिकमध्ये चक्कर, मळमळ, भाजलेली बोटं यांची नोंद कुणी ठेवत असेल, तरच ‘झालेलं नाही’ म्हणण्याला अर्थ आहे. इटलीत २००१ च्या सुमारास याच सायनामाइडने आजारी पडलेल्यांची नोंद झाली, आणि त्या नोंदीमुळेच तिथे त्याच्या वापराचा फेरविचार झाला.

आणि हा केवळ मजुराचा प्रश्न आहे असं मानणाऱ्या बागायतदाराने फवारणीचा ब्लोअर चालवताना ट्रॅक्टरवर कोण बसतं ते आठवावं. बहुतेक घरांत तो स्वतः असतो किंवा त्याचा मुलगा.

मग करायचं काय? नवा कायदा नको. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केलेल्या १९७१ च्या नियमांत ३७ वा नियम आहे. कीटकनाशक हाताळणाऱ्यांची आणि फवारणीसाठी नेमलेल्यांची वैद्यकीय तपासणी, तसंच ऑरगॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटातली औषधं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे या औषधांनी मंदावणारं एन्झाइम, मोजणं, हे त्यात लिहिलेलं आहे. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही मोजणी चालते. हंगामाआधी प्रत्येकाची मूळ पातळी घेतात, कारण ती माणसागणिक वेगळी असते. नंतरच्या मोजणीत पातळी मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली उतरली की मालकाने कामाची पद्धत तपासायची, आणखी घसरली की माणसाला त्या कामावरून हटवायचं. या चाचणीत सायनामाइड किंवा बुरशीनाशकं पकडली जात नाहीत, हे खरं आहे. त्यांच्यासाठी छाटणीच्या दिवसांत आरोग्य केंद्रात एक साधं रजिस्टर लागेल. त्यात तारीख, लक्षण, कोणतं औषध हाताळलं आणि कोणत्या गावात, एवढं लिहिलं तरी पुरे.

खर्चाचं रडगाणं इथे चालणार नाही. एका प्लॉटच्या रेसिड्यू तपासणीला काही हजार रुपये आपण मुकाट्याने मोजतो. रक्ताची ही तपासणी त्याहून महाग नाही. बदनामीची भीतीही उलटी आहे. उद्या युरोपातल्या खरेदीदाराने फळाबरोबर मजुराच्या आरोग्याचाही कागद मागितला, तर २०१० सारखी धावपळ पुन्हा करावी लागेल.

येत्या गोडी छाटणीआधी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी आणि हे रजिस्टर सुरू व्हावं. जिल्हा परिषदेकडे ही मागणी द्राक्ष बागायतदार संघाने स्वतः करावी, सुरगाण्याहून आलेल्या मजुराने ती करण्याची वाट पाहू नये.