शिडाची होडी आणि पाण्याला न भिणारा कॅमेरा

शिडाच्या होडीतून जलविहार करणे हा केवळ किनारपट्टीवरील मंडळींचा छंद आहे, असा समज अद्यापि पुष्कळांच्या मनात असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भोपाळच्या मोठ्या तलावावर, हैदराबादच्या हुसेनसागरात, तसेच मुंबई व चेन्नई येथील समुद्रात मुले-मुली शिडाची होडी चालविण्याचे रीतसर शिक्षण घेतात. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळात रौप्यपदक मिळविणारी नेहा ठाकूर ही समुद्रापासून दूर असलेल्या मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याची कन्या. तिचे शिक्षण भोपाळच्या तलावावर झाले.

घरातील मूल होडीवर जाऊ लागले, की ते दृश्य चित्रित करून ठेवावे असे आईवडिलांना वाटणे साहजिक आहे. शिक्षकालाही अशा चित्रणाचा मोठा उपयोग होतो. कारण शीड केव्हा सैल सोडले आणि केव्हा उशीर झाला, हे पाण्यावर सांगून पटत नाही, ते पडद्यावर पाहून पटते. म्हणून पाण्यात चालणारा व्हिडिओ कॅमेरा कसा निवडावा आणि कसा वापरावा, याचा विचार आज आपण करू.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दर्यावर्दी लोकांत एक जुना दंडक आहे : एक हात होडीसाठी, एक हात स्वतःसाठी. तिसरा हात कोणालाच नसतो. तेव्हा कॅमेरा हातात धरला, तर तो होडीचा तरी हात घेतो किंवा आपल्या सुरक्षिततेचा तरी. होडीचे तोंड वाऱ्यातून फिरविताना शिडाच्या तळाशी असलेला आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, क्षणार्धात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. ज्याची दृष्टी कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळली आहे, त्याला तो दिसत नाही. आणि त्याचा फटका डोक्यास बसला तर प्राणावरही बेतू शकते. जगप्रदक्षिणेच्या ‘ओशन रेस’ या शर्यतीत प्रत्येक होडीवर चित्रण करणारा स्वतंत्र वार्ताहर असतो. मात्र शिडे ओढणे, सुकाणू धरणे या कामांत भाग घेण्यास त्याला नियमानेच मनाई असते. चित्रण आणि नौकानयन ही एकाच माणसाची एकाच वेळची कामे नव्हेत, हेच यातून दिसते. आपल्या लहान होडीवर असा जादा माणूस नसतो. म्हणून तेथे कोणालाही हातात धरावा लागणार नाही, असाच कॅमेरा हवा.

आता निवडीकडे वळू. कॅमेऱ्याच्या वेष्टनावर ‘आयपी’ ही अक्षरे व त्यांपुढे दोन अंक असतात. हे अंक आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिलेले असतात आणि त्यांतील दुसरा अंक पाण्याविषयीचा असतो. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले असता अपाय होत नाही. ८ म्हणजे त्याहून कडक कसोटी. परंतु किती खोल व किती वेळ, हे उत्पादक स्वतः ठरवितो, म्हणून ते वाचून घ्यावे. सुज्ञ ग्राहकाने आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. या कसोट्या गोड्या पाण्यातील असतात. शिवाय शांत पाण्यात बुडविण्याची कसोटी आणि जोरदार फवाऱ्याची कसोटी या वेगवेगळ्या आहेत. ५ व ६ हे अंक फवाऱ्याचे होत. होडीवर तर लाट येऊन थाडकन आपटते! नेहमीचा मोबाइल फोन पाण्याला दाद देत नाही असे सांगितले जात असले, तरी समुद्रावर त्याच्या भरवशावर राहू नये.

काही लहान कॅमेरे वेगळ्या आवरणावाचून दहा मीटर खोलीपर्यंत चालतात. हा आकडा आकर्षक खरा, पण होडीवर खोलीचे महत्त्व बेताचेच असते. निसटलेला कॅमेरा दहा मीटरवर थांबत नाही, तो तळ गाठतो. यास्तव खोलीच्या आकड्यापेक्षा तरंगत्या, भडक रंगाच्या मुठीला अधिक मोल द्यावे. दुसरे असे, की ओल्या बोटांना स्पर्शपडदा नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून चित्रण सुरू करण्याचे बटण मोठे व दाबता येण्याजोगे असावे. पाण्याच्या शिंतोड्यांनी भिंग खराब झाले, तर त्यावरील काच बदलता येते काय, हेही विचारावे.

साठवणुकीचा हिशेबही घरीच करावा. उच्च दर्जाचे चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने होत असेल, तर तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड दीड तासाच्या आतच भरते. शिकाऊ मुलाच्या सरावासाठी मध्यम दर्जा पुरेसा होतो.

वापराचा पहिला नियम असा, की कॅमेरा किनाऱ्यावरच सुरू करावा आणि परतल्यावरच बंद करावा. मधल्या काळात त्याकडे कोणी पाहू नये. तो होडीच्या मागील टोकाशी, काहीसा उंच बसवावा. म्हणजे शीड, सुकाणू आणि चालविणारा हे तिन्ही एका चौकटीत येतात. पुढील टोकाशी बसविल्यास भिंगावर सतत पाणी उडते. चिकटपट्टीचा आधार वापरावयाचा असेल, तर पृष्ठभाग पुसून कोरडा करून तो आदल्या दिवशीच लावावा, कारण त्याची पकड पक्की होण्यास वेळ लागतो. आधार कितीही भक्कम वाटला, तरी कॅमेऱ्याला आणखी एक दोरी बांधून ती होडीच्या दुसऱ्या पक्क्या जागी अडकवावी. ही दोरी मुलाच्या गळ्यात मात्र कदापि घालू नये. होडी उलटली तर तीच फास होईल. शिडाची दोरी कॅमेऱ्याच्या दांड्यात अडकत नाही ना, हे निघण्यापूर्वी शीड दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी सुकते, मीठ मागे राहते. त्याचे कण भिंगावर असताना कोरड्या फडक्याने पुसले, तर ओरखडे पडतात. तेव्हा घरी आल्यावर सर्व झाकणे बंद ठेवून कॅमेरा काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, मग सावलीत वाळवावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच उघडावा. झाकणाच्या रबरी कडीवर एखादा केस वा वाळूचा कण राहिला, तरी पाण्याला तेवढी वाट पुरते. पाण्याखालील छायाचित्रणासाठी १९६३ साली बाजारात आलेला निकोनॉस कॅमेराही अशाच रबरी कड्यांच्या भरवशावर चालत असे. त्या कड्या स्वच्छ ठेवणे आजही तितकेच अगत्याचे आहे. वेगळे आवरण असल्यास ते कोरड्या हवेच्या खोलीत बंद करावे व आत ओल शोषणारी लहान पुडी ठेवावी. नाहीतर दमट हवेचे धुके भिंगामागे साचते. कडक उन्हात कॅमेरा उघडा टाकून ठेवू नये. तापला की तो आपोआप बंद पडतो.

वाचकहो, या साऱ्या सूचनांपैकी एकच लक्षात ठेवावयाची झाली, तर ही ठेवावी : कॅमेरा पाण्यात पडला, तर त्यामागे कोणीही उडी घेऊ नये. मुलाला ही गोष्ट होडीवर चढण्यापूर्वीच स्पष्ट सांगावी. महागडी वस्तू हरवली तर घरी रागावतील, या भीतीने मूल पाण्यात झेपावते. ती भीती त्याच्या मनातून काढून टाकणे, हे कॅमेरा विकत घेण्याआधीचे काम आहे. आणि लाइफ जॅकेटचा पट्टा बांधल्यावाचून चित्रणाचे बटण दाबावयाचे नाही, हा नियम घरातील मोठ्यांनी स्वतः पाळला, तर मुले तो सहज पाळतील.