सायकलीसोबत पान्हाही हवा

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरतेच्या चळवळीला सायकलीची जोड देण्यात आली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्यावर भर दिला आणि सायकल खरेदीसाठी बँकांनी त्यांना कर्ज द्यावे, असा आग्रह धरला. पाणी आणणे, शेतमाल बाजारात नेणे, मुलांना शाळेत सोडणे यांसाठी बसची वाट पाहणे त्यामुळे कमी झाले. पुढे २००६ मध्ये बिहार सरकारने नववीतील मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यास प्रारंभ केला. माध्यमिक शाळांतील मुलींची संख्या वाढण्यास या योजनेचा हातभार लागला, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

सायकलीने या स्त्रियांना व मुलींना जे दिले, ते कोणाच्या परवानगीवाचून कुठेही जाण्याचे बळ होय. परंतु हे बळ बाभळीच्या एका काट्याने हिरावले जाऊ शकते, याचा विचार फारसा होत नाही. शाळा चार-पाच किलोमीटर दूर, वाट निर्जन, आणि अर्ध्या वाटेत चाकातील हवा जाते. मुलगी सायकल ढकलत, दिवेलागणीनंतर घरी पोहोचते. घरचे कोणी दुरुस्तीसाठी मोकळे होईपर्यंत सायकल भिंतीला टेकून राहते आणि शाळेचे दिवस बुडतात. जी सायकल कर्जाने घेतली असेल, तिचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून सायकल देणे हे अर्धेच काम आहे. वाटेत ती दुरुस्त करण्याचे ज्ञान देणे हे उरलेले अर्धे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, चौकाचौकांत पंक्चर काढणारे कारागीर असताना प्रत्येकाने हात काळे का करावेत? श्रमविभागणीच्या तत्त्वाने हा प्रश्न रास्त आहे आणि त्या कारागिराच्या कौशल्याला तोडही नाही. पण काटा दुकान जवळ पाहून रुतत नाही. शिवाय, ज्याला दोष कुठे आहे हे कळते, त्याला कारागिराकडून नेमके काम करून घेता येते.

हे ज्ञान अवघड नाही. हवा गेली की प्रथम व्हॉल्व्ह तपासावा. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवरील बारीक रबरी नळी जीर्ण झाली, तरी पंक्चरचाच भास होतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओले बोट लावताच बुडबुडा आला, तर नळी बदलून काम भागते. पंक्चरच असेल, तर चाक न काढताही टायरची एक कड पट्टीने रिमबाहेर घेऊन ट्यूब ओढता येते. तीत हवा भरून ती गालाजवळ फिरविली की छिद्र सापडते. मग हवा काढून ती जागा काचकागदाने खरवडावी, सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि तो सुकल्यावरच ठिगळ दाबून बसवावे. घाई करणाऱ्याचे ठिगळ इथेच सुटते. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे जपून फिरवून काटा काढणे अत्यावश्यक. अन्यथा तोच काटा दुसरे पंक्चर करतो. चेन वारंवार उतरत असेल, तर मागील चाकाचे नट सैल करून चाक किंचित मागे ओढावे, ते मधोमध आहे याची खात्री करावी आणि नट पुन्हा आवळावेत. यासाठी लागणारा पंप, पान्हा, पट्ट्या व ठिगळांचा संच एका लहान पिशवीत मावतो.

शहरांत महागड्या गिअरच्या सायकली घेणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ प्रकारात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पार करायचे असते आणि दोन नियंत्रण-केंद्रांच्या दरम्यान मदतीचे वाहन सोबत ठेवता येत नाही. तेथे स्वावलंबन हा नियमच आहे.

अर्थात, मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. सांगाड्याला तडा गेला, पुढचा चिमटा वाकला किंवा ब्रेक धरेनासा झाला, तर जुजबी उपाय करून पुढे निघणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. अशा वेळी पायी चालणेच श्रेयस्कर. काय दुरुस्त करू नये, हे कळणे हाही या शिक्षणाचा भाग आहे.

म्हणून सायकल-वाटपाच्या प्रत्येक योजनेत दुरुस्तीची पिशवी आणि एका दुपारचे प्रशिक्षण समाविष्ट व्हावे. ते देण्यासाठी गावातील सायकल-कारागिराला मानधन देऊन शाळेत बोलवावे. त्यात त्याचाही मान राहील. सायकलीच्या किमतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. कर्ज अथवा अनुदान देणाऱ्या संस्थेने दिलेल्या रकमेइतकीच त्या वस्तूच्या अखंड वापराची चिंता वाहिली पाहिजे. भिंतीला टेकलेली सायकल कागदोपत्री मालमत्ता असते. ती रस्त्यावर धावू लागते, तेव्हाच कोणाच्या तरी आयुष्याची मिळकत ठरते.