आधी माती दाखवा, मग लॉन लावा

नगरपरिषदेच्या बागेतलं लॉन पुन्हा वाळलं. मागच्या पावसाळ्यात अंथरलं, दिवाळीच्या फोटोपुरतं हिरवं राहिलं, आणि होळीच्या आत पिवळं पडलं. आता जागोजागी खालची खडी वर आलीय. पोरं पडली की गुडघे सोलवटतात. आणि नवीन लॉनचा विषय म्हणे पुढच्या सभेत येतोय.

कारण विचारलं की उत्तरं ठरलेली. "पाणी कमी पडलं." "लोक गवतावरून चालतात."

मित्रांनो, हे पटण्यासारखं नाही. लॉनसाठी जी गवतं लावतात, त्यातली बरीचशी आपल्या हरळीचीच भाऊबंद. ही हरळी शेतातून काढता काढता शेतकऱ्याच्या पिढ्या गेल्या. बांधावर तिला कुणी पाणी घालत नाही, गुरं तुडवतात, तरी पहिल्या पावसात ती उठून बसते. अशी चिवट गवतं आमच्या बागेत एक उन्हाळा काढत नसतील, तर दोष गवताचा नाही. दोष खाली आहे.

मी तीन-चार ठिकाणी पहार घालून बघितलं. वर दोन इंच लाल माती. त्याखाली विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, पेव्हरचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या. म्हणजे राडारोडा जेसीबीने सपाट केला, वर रोलर फिरवला, माती भुरभुरवली आणि कार्पेट अंथरलं. दिसायला काम झालं. बिल निघालं.

आता यात गवत का मरतं, ते सोपं आहे. दोन इंच मातीत मुळं खोल जाणार कुठं? तेवढ्या मातीत ओल टिकत नाही, सकाळी घातलेलं पाणी दुपारी गायब. प्लास्टर-सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू वाढतो. जास्त सामूच्या जमिनीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, मग पातं पिवळं पडतं. त्यावर ठेकेदाराचा माणूस युरिया फेकतो. चार दिवस हिरवं, परत पिवळं.

खरं काम लॉन यायच्या आधी असतं, आणि ते एप्रिल-मेमध्ये असतं. नऊ ते बारा इंच जमीन खणायची. राडारोडा बाहेर काढायचा, नुसता सपाट करायचा नाही. खणलेली जमीन उन्हात चांगली तापू द्यायची. लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचायच्या, कारण त्यावर रोटाव्हेटर फिरवला की लव्हाळा कमी होत नाही, रानभर पसरतो. मातीचा नमुना तपासून घ्यायचा. मग निचऱ्याची पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळायचं. ओलं शेण नको, त्याने मुळं भाजतात आणि तणाचं बी फुकट येतं. नुसती काळी मातीही नको, ती पावसात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शंभर फुटाला एक-दीड फूट उतार द्यायचा. मग पाणी सोडून माती बसवायची, खड्डे भरायचे, उगवलेलं तण काढायचं. एवढं झालं की मग गवत. तोवर पावसाळा आलेलाच असतो.

यात काही अवघड शास्त्र नाही. आपल्याकडच्या कुठल्याही नर्सरीवाल्याला हे पाठ आहे. मग होत का नाही? कारण माती फोटोत दिसत नाही. गवत दिसतं. मातीतली चोरी गवताखाली झाकली जाते.

एक साधा हिशेब सांगतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. दहा गुंठे बाग धरा. तिच्यावर सहा इंच माती पसरायची, तर जवळपास 54 ब्रास लागते. दोनच इंच पसरली, तर 18 ब्रास. मधली 36 ब्रास माती कुठं गेली, हे शोधायला चौकशी समिती लागत नाही. पहार आणि फूटपट्टी पुरते.

काही जण म्हणतील, गावात चार दिवसांआड नळ येतो आणि हे लॉनवर लिहीत बसलेत. अहो, म्हणूनच लिहितोय. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तरी दहा गुंठ्यांना साधारण 5000 लिटर लागतं. म्हणजे रोजचा एक छोटा टँकर. खाली खडी असेल तर त्यातलं बरंचसं पाणी मुळांना मिळायच्या आधीच निघून जातं. पाण्याची एवढीच चणचण असेल, तर मुलांच्या खेळण्यापुरतंच लॉन ठेवा आणि बाकी जागेत कडुनिंब, करंज लावा. म्हातारी माणसं सावलीला बसतील. पण जेवढं लॉन लावाल, तेवढ्याखाली माती घाला.

नगरपरिषदेकडे माझ्या मागण्या तीनच आहेत.

एक, अंदाजपत्रकात राडारोडा उचलणं, खोदाई, माती आणि शेणखत यांच्या बाबी वेगवेगळ्या दाखवा. "लॉन विकसित करणे" अशी एका ओळीत गुंडाळू नका.

दोन, गवत अंथरायच्या आधी लोकांसमोर पाच ठिकाणी खड्डे घेऊन मातीची जाडी मोजा. जेवढी भरेल तेवढ्याचंच बिल द्या.

तीन, ठेकेदाराची जबाबदारी लावल्याच्या दिवशी संपू नये. एक पूर्ण उन्हाळा लॉन जगलं, की मगच शेवटचा हप्ता.

सभेत विषय येण्याआधी आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: मागच्या वेळी माती किती ब्रास आली आणि मोजमाप पुस्तिकेत जाडी किती लिहिली? मी माहितीच्या अधिकारात हेच दोन प्रश्न टाकतोय. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आलं की जसंच्या तसं इथंच टाकेन. तोवर बागेत फिरायला गेलात, तर एखाद्या वाळल्या जागी काडी खुपसून बघा. किती आत जाते, ते कमेंटमध्ये लिहा.