गुलाबी थंडी आणि अर्धा कोयता

मार्गशीर्ष लागला की मराठी काव्यप्रांती एक ठराविक कविता उगवू लागते. तीत धुके असते, ओस रस्ता असतो, कपातला चहा निवत असतो आणि 'ती' निघून गेलेली असते. ती कोठे गेली, का गेली, हे कवी सांगत नाही. विचारणे अरसिकपणाचे ठरते. तिसऱ्या कडव्यापर्यंत बर्फ पडू लागतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठले तर ज्या प्रांती वर्तमानपत्रे त्याची छायाचित्रे छापतात, तेथील कवीच्या अंगणात दरसाल बर्फ साचतो, हा चमत्कार आम्ही बरीच वर्षे मुकाट पाहत आलो. आता चार शब्द बोलणे भाग आहे.

आमचे भांडण बर्फाशी नाही. ज्यांच्या दारात तो पडतो त्यांनी त्याचे खुशाल गाणे करावे. आमचे भांडण उसनवारीशी आहे. उसन्या थंडीबरोबर विरहही उसना येतो, आणि येताना आपले कारण मागे ठेवून येतो. यावर ठरलेले उत्तर असे की भावना वैश्विक असते. असेल. पण तिची कारणे वैश्विक नसतात. माणूस माणसापासून दुरावतो तो कोणत्या तरी वाटेने, कोणत्या तरी निमित्ताने आणि कोणाच्या तरी हिशेबाने दुरावतो. हे सारे गाळून उरते ती भावना नव्हे, भावनेचे वेष्टन होय.

या भूमीत पावसाळा वाटा बंद करतो. म्हणून प्रवासी आषाढाआधी घरी यावा ही जुनी अपेक्षा, आणि जुन्या काव्यात विरहाचा मुख्य ऋतू वर्षा. दसऱ्याला सीमोल्लंघन होई. चिखल वाळला की फौजा, व्यापारी, लमाणांचे तांडे बाहेर पडत. तेव्हा पावसाळ्यातला विरह 'अजून आला नाही' असा आहे. हिवाळ्यातला 'निघाला' असा आहे. हा भेद ज्याला कळत नाही, त्याने 'गुलाबी थंडी' हे विशेषण वापरावे. ते त्याला शोभते.

याच भूमीत उगवलेली 'गाथासप्तशती' पाहा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह. त्यातल्या एका गाथेत माघ महिन्यात एक शेतकरी अंगावरचे पांघरूण विकून बैल घेतो. थंडीची त्याला भीती नाही, कारण घरी तरुण बायको आहे. तिची ऊब त्याला बिनधुराच्या भुशाच्या आगटीसारखी वाटते. रसिकांनी या गाथेत शृंगार पाहिला आणि ते मिस्कील हसले. आम्हालाही शृंगार दिसतो, पण त्याच्या शेजारी उभा असलेला बैलही दिसतो. बैल आणि पांघरूण या दोहोंपैकी एकच परवडणाऱ्या माणसाने शेती निवडली, आणि थंडीचा सगळा भार एका माणसाच्या सोबतीवर टाकला. उद्या ती सोबत नसेल तर? गाथेने हा प्रश्न विचारलेला नाही, पण तो तिच्या पोटात आहे. दोन ओळींत प्रेम, दारिद्र्य आणि हवामान एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. आमच्या धुकेवाल्या कवींना बारा ओळींत यातले एकही बांधता येत नाही.

इतिहासही पाहा. पानिपतचा रणसंग्राम ऐन हिवाळ्यात, १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या. त्या परतल्या, भाऊ परतले नाहीत. पती गेला हे त्यांनी मानले नाही आणि वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊचा तोतया उभा राहिला आणि त्या प्रकरणाचा शेवट १७७६ साली त्याच्या देहान्त शिक्षेने झाला. शोकही करता येत नाही आणि आशाही सोडवत नाही, अशा या अवस्थेला आमच्या हिवाळी कवितेत जागा नाही. तेथे चहा निवत असतो.

कोणी म्हणेल, ही सारी जुनी प्रकरणे. ठीक. आजचे घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादम त्यांना उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मागे गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे राहतात. पुढे फडाजवळ पाचटाची कोपी असते आणि पहाटेच्या काळोखात, दवाने भिजलेल्या उसात काम सुरू होते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. जोडीदार नसलेल्या मजुराला या व्यवहारात 'अर्धा कोयता' म्हणतात.

अर्धा कोयता! विधवा असो, टाकलेली असो, की जिचा माणूस आजारपणात अंथरुणाला खिळला आहे अशी असो, तिच्या एकटेपणाला हिशेबाच्या वहीने दिलेले हे नाव आहे. दोन माणसांच्या ताटातुटीबद्दल इतका अचूक आणि इतका निर्दय शब्द आमच्या कवींना एका शतकात घडवता आला नाही. तो मुकादमाने घडवला. आणि त्याचा अर्थ निव्वळ मजुरीचा आहे असे समजणारा रसिक अजून माघातल्या त्या गाथेला मिस्कील हसतोच आहे.

आमच्यावर आरोप येईल की आम्ही कवितेला समाजशास्त्र करू पाहतो. मुळीच नाही. आमची तक्रार नेमकी उलट आहे. ज्यांच्याकडे रजई आहे त्यांच्याच वियोगाला 'प्रेम' म्हणायचे आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या वियोगाला 'स्थलांतराचा प्रश्न', ही वाटणी आम्ही केलेली नाही. धुक्याच्या कवितेने केली आहे. कोपीत कुडकुडणाऱ्या बाईलाही गेलेल्या माणसाची आठवण येते. तिचे दुःख अहवालात घालून आपण तिच्याकडून प्रेमच काढून घेतले आहे.

असो. थंडी दरसाल येईल आणि कविताही येतील. आमची मागणी लहान आहे. 'ती गेली' असे लिहिणाऱ्याने ती कोणत्या वाटेने गेली आणि मागे पांघरूण कोणाकडे राहिले, एवढे तरी स्वतःला ठाऊक करून घ्यावे. मग कवितेत ते सांगितले नाही तरी चालेल.